लाडकूने कुप्याची जागा शोधली

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात लाडकू नावाचा एक भोळा कोळी होता. मनाने निर्मळ, अंगाने धडधाकट. कान तर असे, की सांगितलेला एक शब्द खाली पडू देत नसे. तीच पंचाईत होती.

जाळी विणण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण दर्यावर त्याला कोणी नेत नसे. एकदा नेला होता. होडी हाकणारा तांडेल म्हणाला, "लाडकू, नांगर टाक." लाडकूने टाकला. नांगराला आधी दोरी बांधायची असते, हे कोणी बोललंच नव्हतं.

त्याची बायको मथुरा. पदरात सहा महिन्यांची पोर. पोर शिंकली की मथुरा ओव्याची धुरी करायची. नाही शिंकली, तर आज का नाही शिंकली म्हणून करायची. आता मात्र तिला खराच घोर लागला होता. पोरीचं उष्टावण चार दिवसांवर आलं होतं. त्या गावची रीत अशी, की उष्टावणाच्या दिवशी बापाने आपल्या हाताने मोठा मासा दारात आणायचा, मगच पोरीच्या तोंडाला भात लावायचा. मथुरेचा बाप जोमा तांडेल खाडीपलीकडचा. त्याने निरोप धाडला होता, "मी येतोय. जावयाच्या हातात कुपा दिसला, तर जेवून जाईन. नाही दिसला, तर लेक आणि नात माझ्या होडीत. ज्याला मासा आणता येत नाही, तो पोर काय पोसणार?"

कुपा म्हणजे काळ्या पाठीचा, मांडीएवढा जाड मासा. शहरातली माणसं त्याला ट्यूना म्हणतात. पळण्यात असा चपळ, की भल्याभल्यांना चकवतो.

मथुरा शेजारच्या पोशा आजाकडे गेली. आजाची हयात दर्यावर गेलेली.

"आजा, जगात सगळ्यात जास्त कुपा कुठं मिळतो हो?"

"जगाचं मला काय विचारतेस? मी जग कुठं बघितलंय? आपल्याकडचं सांगतो. पाखरं घिरट्या घालतात ना, त्यांच्या खाली कुपा असतो."

मथुरेने घरी येऊन लाडकूला सांगितलं, "जिथं पाखरं घिरट्या घालताना दिसतील, तिथं गळ टाका."

लाडकू म्हणाला, "बरं," आणि निघाला.

घराबाहेर पडतो तोच पाखरं दिसली. कावळे होते, घारी होत्या. चंदी काकीने काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, त्यांच्यावर ती पाखरं फिरत होती. लाडकूने गळ फेकला. गळाला चार बोंबील लागले आणि काकीचा पदर लागला. मग काकीचा हात लाडकूच्या पाठीला लागला.

मथुरेने कपाळावर हात मारला. "अहो, पाखरं काय बघता? पाणी बघायचं! निळंशार पाणी दिसलं की गळ टाकायचा."

"तसं आधी बोलायचं," लाडकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो निळं पाणी शोधत निघाला. खाडीचं गढूळ होतं. ओढ्याचं हिरवं होतं. शाळामास्तरांच्या अंगणात मात्र बादलीभर निळंशार पाणी होतं. लाडकूने गळ टाकला. ओढ लागली. त्याने जोर लावून खेचलं. मास्तरांचं धोतर वर आलं, निम्मं. निम्मं बादलीतच राहिलं.

"नीळ घातली होती रे मी त्यात!" मास्तर ओरडले.

"म्हणूनच आलो," लाडकू म्हणाला.

मथुरा रडकुंडीला आली. "अहो, बादलीत कुठं कुपा मावतो का? खोल पाणी लागतं त्याला, खोल! दोरी तळाला टेकणार नाही इतकं खोल."

"तसं आधी बोलायचं," लाडकू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने गळाला कुजकी कोळंबी लावली आणि गावच्या विहिरीत सोडली. दोरी तळाला टेकली नाही. लाडकूला फार बरं वाटलं. दुपारपर्यंत त्याने एक फुटकी कळशी वर काढली. संध्याकाळपर्यंत बायकांनी त्याला घरी पोचवलं. पाणी मात्र दोन दिवस कोणी प्यायलं नाही.

मथुरेने गाठोडं काढलं. त्यात पोरीची झबली घालायला लागली. एक घालायची, एक परत काढायची. ते बघून पोशा आजाला राहवलं नाही. त्याने लाडकूला ओट्यावर बसवलं.

"हे बघ. किनाऱ्यावर आपला लाल बावटा रोवलेला आहे ना? आणि मागे डोंगरावर एकच ताड आहे. बावटा आणि ताड एका रेषेत दिसले पाहिजेत. त्याच रेषेने सगळ्या होड्या जातात, त्याच रेषेने परत येतात. रेषा सोडली की चिखलात रुतलीच म्हणून समज. ती रेषा धर, तुला कुपा मिळेल."

मथुरेच्या डोळ्यांपुढे लांबचा दर्या आला, लाटा आल्या. "आजाचं ऐका," ती म्हणाली, "पण लांब जाऊ नका हो. दारातून मला दिसलं पाहिजे."

लाडकू म्हणाला, "बरं," आणि निघाला.

उष्टावणाचा दिवस उजाडला. ओहोटी लागली होती. मथुरा पोरीला कडेवर घेऊन दारात आली. लाडकू समोरच, चिखलाजवळच्या उथळ पाण्यात, छोट्या होडीत शांत बसला होता. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात बापाचं शीड दिसलं.

जोमा तांडेलने चाळीस वर्षांच्या सवयीने बावटा बघितला, ताड बघितला, दोन्ही एका रेषेत धरले आणि होडी हाकली. ती सरळ येऊन लाडकूच्या शेजारी चिखलात रुतली. अशी कलंडली, की फळीखालून एक भलामोठा कुपा घसरला आणि लाडकूच्या मांडीवर पडला.

जावयाचा भरवसा नाही, लेकीची मान खाली जायला नको, म्हणून बापाने तो पहाटे गुपचूप धरून आणला होता.

"मथुरेऽऽ!" लाडकूने कुप्याला मिठी मारली. "आजा खोटं बोलला नाही!"

"अरे, इथं चिखल कसा आला?" जोमा गुडघाभर गाळात उभा होता. "बावटा तर दिसतोय!"

"दिसणारच, मामंजी. मीच हलवलाय. इथून रेषा जुळत नव्हती, आणि लांब जायचं नव्हतं."

जोमाने तोंड उघडलं. दारात उभी लेक दिसली, तिच्या कडेवरची नात दिसली. त्याने तोंड मिटलं. लाडकू कुपा खांद्यावर टाकून चालायला लागलाही होता.

"आणला ना त्याने आपल्या हाताने दारात?" मथुरा बापाला म्हणाली.

"आणला," जोमा म्हणाला. "गाठोडं सोड. पाय धुवायला पाणी दे. आणि जावई, बाकीच्या होड्या परतायच्या आत तो बावटा नीट लावून या."

लाडकू म्हणाला, "बरं," आणि निघाला. लगेच परतही आला.

मथुरेने पाट मांडला. जोमाने नातीला मांडीवर घेतलं. भाताचं शीत तिच्या ओठाला लावलं, तर पोरीने आजोबाचं बोटच चावलं. मथुरा किती दिवसांनी हसली.

मग तिला आठवलं. "अहो, बावटा नीट लावलात ना?"

"लावला की."

"कुठं?"

"तूच म्हणाली होतीस, दारातून तुला दिसलं पाहिजे."

मथुरेने दाराकडे बघितलं. बावटा अंगणात, तुळशीशेजारी फडफडत होता. पुढे खाडीच्या चिखलात गावच्या अकरा होड्या ओळीने कलंडल्या होत्या. कमरेपर्यंत गाळाने माखलेले अकरा तांडेल हातात वल्ही घेऊन घराकडे येत होते.

लाडकूने पोरीला उचलून दारात नेलं.

"बघ बाय," तो म्हणाला, "तुझ्या उष्टावणाला अख्खा गाव आला."