न खाल्लेल्या प्रसादाची कहाणी

ऐक गं अन्नपूर्णे, तुझीच कहाणी. आणि तूही ऐक गं जुई, फोन पालथा ठेव, अक्षता मुठीत धर. ही राजाराणीची नाही, परवाच घडलीये, आणि कधी एकदा तुला सांगते असं मला झालंय.

एक नगर होतं. आटपाट होतं म्हणे कधीतरी, आता सगळीकडे खणून ठेवलं होतं. त्या नगरात एक सोसायटी होती, सोसायटीत सहावा मजला होता, तिथे शाल्मली राहत होती. नवरा कौस्तुभ, सासूबाई आणि ती, एवढंच घर. खाऊनपिऊन सुखी. त्यातलं खाणं तेवढं हळूहळू बंद पडत चाललं होतं.

काय झालं? एके दिवशी पोळीचा घास अडकला. घशात नाही, छातीच्या मधोमध, हाडामागे. ती पाणी प्यायली, तर पाणीच वर आलं. उठून बेसिनशी गेली, परत येऊन बसली, म्हणाली, ठसका लागला. मग भात अडकायला लागला. मग मऊ गुरगुट्या भातसुद्धा अडकायला लागला. मग ती सगळ्यांच्या नंतर जेवायला बसू लागली. लग्नामुंजीत ताट घेऊन कोपरा गाठू लागली. ऑफिसात विचारलं तर म्हणायची, डाएट आहे. लोक म्हणायचे, काय छान बारीक झालीस गं.

सासूबाई म्हणाल्या, "घास चावत नाहीस नीट, सगळं लक्ष त्या मोबाइलमध्ये." कौस्तुभ म्हणाला, "कामाचं टेन्शन घेतेस, दुसरं काही नाही." शेजारच्या सबनीसवहिनी म्हणाल्या, "मनाचे खेळ गं. माझ्या भाचीला असंच व्हायचं, लग्न झालं आणि गेलं." आता शाल्मलीचं लग्न झालेलंच होतं. तिनं काय करावं?

मग ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर गाडेकर म्हणून होत्या. त्यांनी पांढरं औषध पाजलं, ते पोटात उतरताना फोटो काढले, आणि म्हणाल्या, "अन्ननलिका खाली अरुंद झालीये. दुर्बीण घालून बघू, अरुंद जागा आतून फुग्यानं रुंद करू, एक छोटा तुकडा तपासायला पाठवू. आदल्या रात्रीनंतर खायचं काही नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही."

शाल्मली हो म्हणाली. मान हलवली, हसली, बाहेर आली. आणि जिन्यातच तिच्या मनात आलं, जिला पोळी जात नाही, तिच्या घशातून नळी कशी जाणार? ते एकदा मनात आलं ते जाईना. दात घासताना यायचं. सिग्नलला यायचं. रात्री झोपेतून उठवून यायचं.

मग पहिली तारीख आली. तिनं फोन केला, म्हणाली, "ऑफिसची मीटिंग आलीये." मीटिंगबिटिंग काही नव्हती. मग दुसरी तारीख आली. ह्या वेळी गेली, खुर्चीत बसली, नाव पुकारलं तशी उठली, म्हणाली, "एक मिनिट, गाडी चुकीची लावलीये." आणि जी बाहेर पडली ती पडलीच. कौस्तुभ बिचारा आत कागद भरत होता.

बाहेर पायऱ्या होत्या. पायरीवर एक काकू बसल्या होत्या, डोक्याला स्कार्फ, हातात थर्मासचं झाकण. झाकणात गार दूध. एक घोट घ्यायच्या, थांबायच्या, मग दुसरा घ्यायच्या. मुलगा गाडी आणायला गेला होता. चौगुलेकाकू, कोल्हापूरच्या. शाल्मली त्यांच्या शेजारी धप्पकन बसली, म्हणाली, "काकू काकू, काय करता?"

"गिळतीया."

"त्यात काय एवढं?"

"त्यात काय म्हणणारीला कधी अडकलं नसणार."

"मला अडकतं काकू."

"मग हितं भाईर काय करतीस?"

मग तिनं मीटिंगचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, नळीचं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं, दुधाचा घोट घेतला, म्हणाल्या, "माझं आज दुसऱ्यांदा झालं."

"तुम्ही कसं केलंत? मला सांगा ना. तुम्ही सांगाल ते करते."

"तू वसा घेशील आणि सोडशील. दोनदा पळालीस की."

"नाही सोडणार."

"मग ऐक. एक, भ्यायचं, पण झाकायचं न्हाई. जी नळी घालणार हाय, तिच्या तोंडावर सांगायचं, मला भ्या वाटतंय. दोन, मनात येईल ते इचारायचं, येड्यागत वाटलं तरी. तीन, डॉक्टरणीनं नको म्हटल्यावर तोंडात काय घालायचं न्हाई. परत्यक्ष देव वाढाय आला तरी न्हाई."

"ह्यानं भीती जाईल?"

"जातीया कशाला. माझी आजबी गेली न्हाई. मी तिला भाईर बसवून आत गेलो."

मुलगा गाडी घेऊन आला, काकू गेल्या. शाल्मलीनं तिसरी तारीख घेतली.

इकडे काय झालं? घरी सासूबाईंनी तारीख ऐकली. त्यांना सुनेची काळजी होती, खोटं कशाला बोलू, रात्ररात्र झोप नव्हती. पण एकेकाची भीती एकेक सोंग घेते. शाल्मलीची पळायची, सासूबाईंची पूजा घालायची. त्यांनी गुरुजींना फोन केला. गुरुजींना मोकळी वेळ कुठली, तर नेमकी त्याच दिवशी सकाळची. सासूबाई म्हणाल्या, "योगच आहे. सत्यनारायण होईल, प्रसाद खाऊन निघ, बघ कशी सोन्यासारखी परत येतेस."

शाल्मली म्हणाली, "आई, मला त्या दिवशी काही चालत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "प्रसादाला काय होतंय."

ती दुसऱ्यांदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली. तिन्ही वेळा सासूबाई रवा निवडत होत्या.

मग तो दिवस उजाडला. चौरंग मांडला, केळीचे खांब लावले, बायका जमल्या. स्वयंपाकघरात सव्वाच्या मापानं शिरा परतला जात होता. तूप सुटलेलं, वेलची, केळ्याचे काप. आणि ही बाई, जिनं कितीक दिवसांत धड दोन घास सुखानं खाल्ले नव्हते, ती कोरड्या तोंडानं, कोरड्या जिभेनं नवऱ्याशेजारी पाटावर बसली होती. पोथी झाली, आरती झाली, आणि सासूबाईंनी पहिला द्रोण तिच्या हातात ठेवला.

"घे. मऊ केलाय तुझ्यासाठी, चावायचासुद्धा नाही."

"आई, डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"खाऊ नको म्हटलंय. हे खाणं आहे का?"

कौस्तुभ कानाशी कुजबुजला, "शालू, एक कण घे ना जिभेवर. आईचं मन राहील."

सबनीसवहिनी म्हणाल्या, "प्रसाद टाकून जाणाऱ्यांचं काय होतं, आत्ताच ऐकलंस ना पोथीत?"

आणि शाल्मलीच्या मनात काय आलं, ते ऐक जुई, मला तेच सांगायचंय. तिच्या मनात आलं, खावा. एक चमचा खावा, दोन खावेत. मग डॉक्टर म्हणतील, अरे, पोटात गेलंय, आज नाही करता येणार. मग घरी यायचं. कुणी भित्री म्हणणार नाही. उलट म्हणतील, गुणाची बाई, सासूचं मन राखलं, देवाचा मान राखला. इतकी चांगली पळवाट तिला आजवर मिळाली नव्हती, आणि तीही साजूक तुपात परतलेली.

बोटं द्रोणात गेली, मागे आली. पुन्हा गेली, मागे आली. तिसऱ्यांदा तिनं द्रोण उचलला, कपाळाला लावला आणि चौरंगाशी खाली ठेवून दिला.

म्हणाली, "आई, मला हा खायचाय. ह्या खोलीत सगळ्यात जास्त मलाच खायचाय. कारण खाल्ला की आजचं टळतं. पहिल्या वेळची मीटिंग खोटी होती. दुसऱ्या वेळी गाडी नीट लावलेली होती, मी पळाले. आता तिसऱ्यांदा देवाच्या नावानं पळायचं नाहीये मला."

गुरुजी नारळाकडे बघत बसले.

सबनीसवहिनी म्हणाल्या, "घशात नळी घालायला निघालेल्या बाईनं असं बोलू नये गं."

"नळी माझ्या घशात जाणार आहे वहिनी, तुमच्या नाही."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "जा मग. देवाला काय सांगायचं ते तूच सांग." आणि तोंड फिरवून आत गेल्या.

आता तुला वाटेल, देव कोपला. तिलाही क्षणभर वाटलं, कारण लिफ्ट बंद. दारातून सबनीसवहिनींचा आवाज आला, "बघा." ती जिना उतरली, मागून कौस्तुभ. रिक्षावाला म्हणाला, तिकडे नाही जाणार. दुसरा काही न बोलताच गेला. तिसरा बसा म्हणाला, तर पुढे रस्ता खणलेला. उतरून चालावं लागलं, चिखलातून, पूजेच्या साडीत. तेव्हा कौस्तुभ म्हणाला, "शालू, आज राहू दे का? सगळंच असं आडवं येतंय."

ती म्हणाली, "ह्या नगरात रोजच असं आडवं येतं, ऑफिसला जातोस ना तू? तुला राहायचं तर राहा. नंतर मला न्यायला ये, एकटीला सोडत नाहीत."

तो नाही राहिला. गेला तिच्या मागे, चपला हातात घेऊन.

दवाखान्यात तिला आत घेतलं, कुशीवर झोपवलं. डॉक्टर गाडेकरांनी विचारलं, "पोटात काही गेलंय?"

"नाही. पण मला जाम भीती वाटतेय."

"कशाची?"

"जिला पोळी जात नाही, तिच्या घशातून ती नळी कशी जाणार?"

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता हसतील. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी नळी तिच्या हाताशी आणली, करंगळीला लावून दाखवली. म्हणाल्या, "एवढी आहे. घशात फवारा मारीन, बधिर होईल. श्वासाची वाट वेगळी आहे, ती मोकळीच राहते. गुंगीचं औषध देईन. तरी नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन."

"नक्की थांबाल?"

"नक्की."

"लगेच?"

"लगेच."

"आणि मी उगाचच केला तर?"

"तरी थांबेन."

मग फवारा मारला, घसा जाड झाला, जसा काही दुसऱ्या कुणाचा. नर्सनं दातांमध्ये प्लास्टिकचं कडं बसवलं. आता बोलायची सोय नाही. डॉक्टरांनी नळी हातात घेतली. आणि शाल्मलीनं काय केलं? हात वर केला.

डॉक्टर थांबल्या. नर्स थांबली. सगळी खोली थांबली.

कुणी ओरडलं नाही, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. तिनं सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग हात खाली आणला, आणि बोटांनी खूण केली, चला.

मग औषध शिरेत गेलं, छत जरा लांब गेलं, कुणीतरी "छान, छान, गिळा" म्हणत होतं. मग कौस्तुभ खुर्चीत दिसला, चिखलाच्या पायांनी. झालं होतं.

डॉक्टर येऊन म्हणाल्या, "जागा रुंद केलीये. एकदम सगळी करत नाहीत, पुन्हा एकदा यावं लागेल. वाईट असं डोळ्यांना काही दिसलं नाही. तुकडा पाठवलाय, रिपोर्ट आला की बोलू."

शाल्मली म्हणाली, "येते." आवाज बसलेला, घोगरा. पण म्हणाली.

घशाचा बधिरपणा उतरल्यावर नर्सनं चमच्यानं पाणी दिलं. पहिला चमचा तिनं तोंडातच धरून ठेवला, हाडामागे कुठे टोचतंय का म्हणून वाट बघत. मग गिळला. गेला. दुसरा दिला, गेला. तिसऱ्याला तिनं चमचा नको म्हटलं, ग्लासच मागितला.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"मी रागावलेय तुझ्यावर."

"हो, आई."

"चार बायकांत मला खाली बघायला लावलंस."

"हो, आई."

पलीकडे भांडी वाजत होती. मग विचारलं, "पाणी गेलं का खाली?"

"गेलं."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. अजून नीट बोलत नाहीत म्हणे. बोलतील, नाहीतर नाही बोलणार.

जसा शाल्मलीचा घोट उतरला, तसा ज्याचं ज्याचं अडलंय त्याचा उतरो. जिला भीती वाटते तिला भीतीसकट उंबरा ओलांडता येवो. जिथे आपण हात वर करू, तिथे समोरचं माणूस थांबो. साठ फाटे फुटणारी ही कहाणी मी पाचांत आवरली, देवीपाशी पुरी केली, तिचं फळ ऐकणारीच्या पदरात. अक्षता वाहा आता. आणि जुई, उठायच्या आधी खरं खरं सांग, हातात तो द्रोण असता, तर तू काय केलं असतंस?