चार पोर्ट आणि दोन बादल्या पाणी

एका गावात एक भोळा वायरमन होता. नाव रंभाजी, वय चाळीस. वीस वर्षं तो आप्पा मिस्त्रींच्या हाताखाली शिकत होता. अजून शिकून झालं नव्हतं, कारण आप्पा शिकवायचे कमी आणि ओरडायचे जास्त. पण आप्पा म्हणतील ते रंभाजी तसंच्या तसं करायचा.

प्रवरा ही आप्पांची नात. दोन हंगाम रोपवाटिकेत राबून तिनं जुनं गेमचं मशीन घेतलं होतं. रविवारी तालुक्याला स्पर्धा होती. चौघांची टीम, आणि मशीन ज्या त्या टीमनं आणायचं. तीन मैत्रिणी तयार होत्या, चार कंट्रोलर तयार होते. मशीनला यूएसबी पोर्ट मात्र दोनच.

"तालुक्याला नेते. तिथं दोन पोर्ट वाढवून देतात," प्रवरा म्हणाली.

"घरात मिस्त्री असताना बाहेर?" आप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं वायरिंग केलंय मी. रंभा, बसव रे दोन पोर्ट."

असलं मशीन आप्पा जन्मात पहिल्यांदाच बघत होते.

बुधवारी रंभाजीनं चालू मशीनमध्येच स्क्रू ड्रायव्हर घातला. ठिणगी उडाली. रंभाजी भिंतीला जाऊन टेकला.

"अरे ठोंब्या! कशालाही हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा असतो!"

"बरं आप्पा. आता लक्षात ठेवतो."

गुरुवारी गावात लग्न होतं. पंगत बसली. रंभाजीच्या पानात जिलेबी पडली. तो उठला, मांडवाचा मेन बंद करून आला आणि मग जिलेबीला हात लावला. पंखे थांबले. माइकवर सरपंच आशीर्वाद देत होते, तेही थांबले. लोकांना वाटलं भाषण संपलं. केवढ्या टाळ्या पडल्या!

"गाढवा!" आप्पा म्हणाले. "आधी टेस्टर लावून बघायचं. दिवा लागला तर जिवंत, नाही लागला तर मेलेलं. मग खुशाल हात लाव."

"बरं आप्पा. आता लक्षात ठेवतो."

शुक्रवारी रंभाजीला एका अर्जावर सरपंचांची सही हवी होती. सरपंच पारावर झोपले होते. तसे ते ग्रामसभेतही झोपतात. त्यांना हलवून उठवायचं, म्हणजे हात लावायचा. रंभाजीनं आधी कपाळाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

"सरपंच गेले!" रंभाजी गावभर सांगत सुटला.

अर्ध्या तासात बांबू आले, मडकं आलं. रडायला मात्र कोणी आलं नाही. सरपंच उठून बसले तेव्हा नवा सरपंच कोण यावर भांडण चालू होतं.

आपण सांगितलं ते चुकलं, असं आप्पा कधीच म्हणत नसत. त्यांनी नवा नियम काढला.

"अरे, दिवा नाही लागला तर अर्थिंग नाही असं समजावं! खड्डा खणावा, कोळसा आणि मीठ घालावं, हिरवं असेल ते जमिनीत सोडावं आणि वर दोन बादल्या पाणी."

"बरं आप्पा. आता लक्षात ठेवतो."

शनिवारी रंभाजीनं मेन बंद केला आणि दोन पोर्ट बसवले. झकास बसवले. हात त्याचा चांगलाच होता. डोक्यात आप्पा होते, एवढंच. मग त्यानं टेस्टर लावला. मेन बंद, दिवा लागणार कुठून? त्यानं आत बघितलं. पोर्टाला चार वायरी, त्यातली एक हिरवी. लगेच अंगणात खड्डा खणला. पण हिरवी वायर वीतभरच. ती काही खड्ड्यापर्यंत पोचेना.

मग त्यानं मशीनच खड्ड्यात नेऊन ठेवलं. कोळसा, मीठ, दोन बादल्या पाणी.

प्रवरा मैत्रिणींना घेऊन आली. "रंभाजीकाका, मशीन?"

"झालं की! हे काय."

चिखलातून पोर्टांची चार तोंडं तेवढी वर दिसत होती. ती त्यानं मुद्दाम उघडी ठेवली होती. "बसा. चौघी एकदम खेळा."

प्रवरा रडली नाही. तिनं आप्पांना ओढत आणलं. "बघा आप्पा. माझे दोन हंगाम पुरलेत इथं."

आप्पांनी वाकून चिखलात बोट घातलं. चाखून बघितलं.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले. "रंभा, पुढच्या वेळी पोतंभर घाल. आणि तू गं, पोरीच्या जातीला गेम कशाला हवेत?"

"बरं आप्पा. आता लक्षात ठेवतो," रंभाजी म्हणाला.

रविवारी दुपारी तालुक्याला स्पर्धा सुरू झाली. प्रवरा घरीच, ओट्यावर बसून होती. आप्पा जेवून अंगणात खुर्चीवर घोरत होते. चहा झाला म्हणून रंभाजी त्यांना उठवायला आला. हात लावायच्या आधी त्यानं कपाळाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्यानं आप्पांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. हिरवं काही दिसेना. तेवढ्यात वाऱ्यानं धोतर जरा सरकलं. दोन्ही पोटऱ्यांवर हिरव्यागार शिरा.

रंभाजीनं आधी मेन बंद केला. खुर्चीपुढं गुडघाभर खड्डा खणला. आप्पांचे पाय अलगद आत सोडले. कोळसा घातला. पोतंभर मीठ रिकामं केलं. एक बादली ओतली, तेव्हा कुठं आप्पांना जाग आली.

"अरे गाढवा! काय चाललंय हे?"

"अर्थिंग, आप्पा. हलू नका, अजून एक बादली राहिलीय."

दुसरी बादली प्रवरानं भरून आणली.