सुनेच्या भागातला घास

“मग जुईच्या भागात मी करायचं काय, आक्का? नुसतं भिंतीला टेकून उभं राहायचं?”

हेमांगी उंबऱ्यातच होती. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

इंदूआक्का भाकरी थापत होत्या. कोल्हापुरातल्या निम्म्या नाटकवाल्यांना रंगमंचावर उभं राहायला त्यांनीच शिकवलं. हेमांगीलाही.

“आत तर ये. पिक्चर कसला आहे?”

“एका घरातला तरणा मुलगा जातो. तीच संध्याकाळ घरातले चौघं सांगतात, ज्याच्या त्याच्या बाजूनं. मी त्याची आई, जुई बायको. माझ्या भागात मी अशी रडले, लाइटवाल्यांनी डोळे पुसले.”

“मग झालं की!”

“कुठलं झालं? जुईच्या भागात ती रडलीच नाही. ठोकळ्यासारखी बसली. आणि दिग्दर्शक तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. माझ्या नाही ठेवला.”

“जळकी ती जळकीच राहिलीस गं.”

हेमांगीला ते लागलं. खोटं थोडंच होतं? सकाळपासून तिच्या घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता.

“उद्या तिच्याच भागातला कडू घास आहे. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारची भाकरी येते, ती सासू सुनेला बळंच भरवते. मला असं रडायला शिकवा, की लोक तिला सोडून मला बघतील. नाहीतर मी पिक्चर सोडते.”

आक्कांनी तवा उतरवला.

हात धुतले. भिंतीशी जाऊन बसल्या. पदर डोक्यावरून ओढला, गुडघे पोटाशी घेतले.

“मी जुई. भरव.”

हेमांगीनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, समोर बसली. आणि काय रडली म्हणता! हनुवटी थरथरली, डोळ्यांना धार लागली, हुंदका नेमका हवा तिथं फुटला. शेजारच्या दोघी कामं टाकून खिडकीत आल्या.

आक्कांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं...

घास हेमांगीच्या बोटांत, वाटेतच. पिठलं मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

बऱ्याच वेळानं तिनं नाक ओढलं, डोळे पुसले.

“कसं रडले, आक्का? जुई टिकेल माझ्यापुढं?”

आक्का अजून तिच्या बोटांकडंच बघत होत्या.

“दिसलं नाही गं. मी घासाकडं बघत होते.”