सभापतींच्या हातातली काडी

शहराचे अग्निशमन प्रमुख खंदारे आयुष्यभर दोनच कामं करत आले होते. आग लागली की विझवायची, आणि एरवी वस्त्यावस्त्यांत जाऊन भडकलेल्या शेगडीवर ओलं पोतं कसं टाकायचं ते बायाबापड्यांना शिकवायचं. लोक शिकले, आगी कमी झाल्या आणि नेमकं तेच खंदाऱ्यांच्या अंगाशी आलं.

"कुंभारवेशीचं अग्निशमन केंद्र बंद करा," सभापती उबाळे पालिकेच्या भर सभेत म्हणाले. "तुमची माणसं नुसती कॅरम खेळत बसतात. कधी आग लागलीच, तर बंब पलीकडच्या केंद्रातून येईल. थोडा उशीर झाला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

थोड्याच उशिराने जळून गेलेली घरं खंदाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून सरकली. मग त्यांनी काडी पेटवून अदबीने सभापतींच्या हातात दिली.

"एवढी धरा, साहेब. मी पलीकडच्या केंद्रातून पाणी घेऊन येतो."

ते दारापर्यंतही पोचले नाहीत, तोच सभापतींनी कळवळून काडी फेकली.

खंदारे परत फिरले, जाजमावरची काडी बुटाखाली विझवली आणि हळूच म्हणाले, "हे काय साहेब? थोडाच तर उशीर होणार होता."

सभापतींनी भाजलेलं बोट तोंडात घातलं. केंद्र बंद करायचा विषय तिथेच संपला.