रोहूचं डोहाळजेवण

मासेही एकमेकांची कौतुकं करायचे, त्या काळातली ही गोष्ट.

शेवंताबाईंच्या शेततळ्यात एका रोहूचं पोट फुगलं. “गाभोळी भरलीये गं हिच्या पोटात!” म्हणत म्हाताऱ्या कटलाने तिचं डोहाळजेवण मांडलं. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या पेंडीतला घास तिला भरवला. रोहूचं पोट वाढतच गेलं, अंग मात्र वाळत चाललं.

एके दिवशी पोटातून आवाज आला, “मी जंत आहे. गप्प राहा. खरं कळलं तर हे घास बंद होतील.”

रोहू हादरली. तळ्यात आणखी दोघींची पोटं फुगली होती आणि कटला त्यांच्याही डोहाळजेवणाच्या तयारीला लागली होती.

शेवंताबाई महिन्याला मासे तपासायला जाळं टाकायच्या, तेव्हा सगळे तळाशी पळायचे. या वेळी रोहू सरळ जाळ्याकडे निघाली.

“अगं, वेड लागलं का तुला?” कटला ओरडली.

“तुम्ही मला तोंडचे घास दिलेत, आजी. ते माझ्या अंगी लागले नाहीत. निदान कुठे गेले, ते तरी कळू दे.”

शेवंताबाईंनी तिचं पोट चिरलं, तर आत फितीसारखा लांबलचक पांढरा जंत. दुसऱ्या दिवशी पेंडीत कडू औषध आलं. कटलाने पहिला घास रोहूच्या नावाने बाजूला ठेवला, मग सगळ्यांनी निमूट खाल्लं. फुगलेली पोटं उतरली.

तिथे डोहाळजेवणं आजही होतात. फक्त घास भरवण्याआधी विचारतात, “पोरी, खाल्लेलं तुझ्या अंगी लागतंय ना?”