सोळा हजार साक्षीदार

हणमंतशेठ ओझरकरांनी ‘चुलीपाशी’ हे संकेतस्थळ विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी हुकूम सोडला, की तिथल्या सोळा हजार बायकांच्या अठरा वर्षांच्या जुन्या गप्पा पुसून टाका. त्या जागी ओझरकर मसाल्याच्या पाककृती येणार होत्या. शेठना स्वयंपाकातलं फक्त पाकीट फोडणं ठाऊक होतं; तेही दुसऱ्याने फोडलेलं.

या गप्पांची राखण द्वारका कासार करत असत. पूर्वी त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. त्या थेट शेठच्या कचेरीत आल्या.

“शेठ, पुसू नका. त्यातल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत. त्यांच्या मुली आईचं लोणचं तिथे वाचून घालतात.”

“बाई, खरेदीखत वाचा. तिथला शब्द न् शब्द आता माझा.”

“जागा तुमची. शब्द लिहिणारणींचे.”

शेठ कारकुनांकडे बघून हसले. कारकूनही हसले, पगार त्याचाच होता.

“असं? मग त्या सोळा हजार बायका आठ दिवसांत इथे उभ्या करा आणि सिद्ध करा. सर्वांदेखत सांगतो, सिद्ध झालं तर एका अक्षराला हात लावणार नाही.”

आठव्या दिवशी द्वारकाबाई एकट्याच आल्या. हातात चार कागद.

“दमलात वाटतं?” शेठ म्हणाले.

“हरले म्हणा. फक्त या कागदावर सही द्या, म्हणजे मी बायकांना दाखवीन.”

कागदावर एकच ओळ होती : ‘चुलीपाशीवरचा प्रत्येक शब्द माझा आहे.’ शेठनी ऐटीत पेन उघडलं.

“थांबा. कशावर सही करताय ते ऐकून तरी घ्या,” म्हणत बाईंनी दुसरा कागद वाचला. “‘ओझरकर मसाल्यात तिखट कमी, विटेचा रंग जास्त.’”

कारकुनांनी माना खाली घातल्या. बाईंनी तिसरा वाचला. “‘हा मसाला घातलेली आमटी आमच्या मांजरानेही हुंगून सोडली.’”

शेठचं पेन हवेतच राहिलं.

“आणि हा शेवटचा. ‘आमच्या घरी हा मसाला पोत्याने फुकट येतो. तरी मी माझा वेगळा कुटते आणि ह्यांना तोच घालते. ह्यांना वाटतं, आपलाच.’”

“हे माझे शब्द नाहीत!” शेठ ओरडले. “कोणी लिहिलंय हे?”

बाईंनी कागद पुढे केला. खाली नाव होतं : शकुंतला हणमंत ओझरकर.

शेठनी बायकोचं नाव पुन्हा वाचलं. मग पुटपुटले, “हे तिचेच शब्द. बोलतेही अशीच.”

“झालं तर मग. शब्द लिहिणारीचेच, असं तुम्हीच सर्वांदेखत म्हणालात. सोळा हजार जणींना गाडीभाडं कशाला? मला एकच साक्षीदार हवा होता, तो खुर्चीतच बसलाय.”

आधी कारकून फिस्कन हसले, आणि मग पोट धरून खुद्द शेठ. हसता हसताच त्यांनी कागद ओढला आणि लिहून दिलं, की जुन्या गप्पा लिहिणारणींच्याच. त्यांची राखण पगारी, द्वारकाबाईंकडे. आणि मालक कितीही बदलले तरी हे कलम बदलणार नाही.

सही करून त्यांनी हळूच विचारलं, “बाई, तिने त्या मसाल्याची कृती लिहिलीय का हो तिथे?”

“लिहिलीय की. पण वापरायची तर तिला विचारून.”