कोंडाबाईचा पाना

फार मागची गोष्ट. घाटाला डांबर नव्हतं आणि कातळवेढ्यात मोटार कुणी पाहिली नव्हती, तेव्हाची. त्या गावात कोंडाबाई नावाची एक घिसाडीण राहायची. नवरा गेल्यावर ती पोरीला, सुंदराला, घेऊन घाटाच्या तोंडाशी पाल ठोकून बसली ती बसलीच. सायकली दुरुस्त करायची. गंजून कोपऱ्यात पडलेली सायकल तिच्याकडे नेली, की चाकाची डुगडुग जायची, चेन गुपचूप फिरायची. कुणी घाई केली तर ती फटकारायची, "आधी थांबायचं बघ, मग पळायचं बघ!" तिनं ब्रेक दाबून बघितल्याशिवाय एकही सायकल घाट उतरायची नाही. असं म्हणतात, नुसत्या तारा छेडून ती चाकाचं दुखणं सांगायची.

एवढी गुणाची बाई, पण गावाला परकीच. खंडेनवमीला सगळ्या गावाची हत्यारं जोखाईच्या देवळात मांडतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, अगदी सायकलीसुद्धा. दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही रीत. कोंडाबाईची हत्यारं मात्र तिथं कधी घेतली नाहीत. ती दरवर्षी विचारायची आणि शिदू गुरव दरवर्षी मान हलवायचा.

मग एका वर्षी काय झालं कोण जाणे, गुरव म्हणाला, "आण यंदा तुझीबी."

बाईला आभाळ ठेंगणं झालं हो! पाने, पक्कड, हातोडा, पंप, सगळं रॉकेलनं घासून लख्ख केलं आणि डोक्यावरून मिरवत देवळात नेलं. घरी एक खिळासुद्धा ठेवला नाही. देवीपुढं हातचं राखायचं नसतं, असं तिला वाटलं. भोळी बिचारी.

नवमीला सकाळी सुंदरा तोरणाला झेंडू तोडायला गेली आणि तिला नाग डसला.

औषध घाटाखालच्या दवाखान्यात. एकटीनं पोर उचलून पायी उतरायचं तर दिवस मावळला असता. कोंडाबाई धावत देवळात आली. "शिदूदादा, एक सायकल द्या! माझ्या पोरीला पान लागलंय!"

"मांडलेली वस्तू हलवता येत न्हाई, कोंडाबाई. गावावर कोप हुईल."

"मग माझा पाना तरी द्या. दारातली मोडकी सायकल उभी करते."

"उद्या सोनं लुटलं की घे."

"उद्यापतुर पोर ऱ्हाईल का माझी?"

सगळं गाव तिथंच उभं होतं. बाजेवर घालून न्यायला चौघे हवे होते, तर चौघेही निघाले नाहीत. जळो तसली भक्ती!

कोंडाबाई माघारी फिरली आणि नुसत्या हातांनी त्या सांगाड्याला भिडली. दिव्यातलं तेल चेनीवर ओतून तिनं कडी न कडी नखांनी मोकळी केली. ट्यूबच्या चिंध्या झालेल्या, म्हणून टायरमध्ये गवत ठासून भरलं. ब्रेकचे रबर केव्हाच झिजून गेले होते. तिनं पायातल्या टायरच्या वहाणा धारदार दगडानं ठेचून तोडल्या आणि ते तुकडे तिथं बसवले. नट दातांनी आवळले. असं म्हणतात, ते लोखंड तिच्या रक्तानं ओलं झालं आणि दातांखाली मेणासारखं मऊ पडलं.

पण ऊन कलंडलं होतं. पान्यानं जे झटक्यात झालं असतं, त्याला बोटांनी अर्धा दिवस खाल्ला.

सुंदराला पदरानं पाठीशी बांधून ती घाटात सुटली. असं म्हणतात, वाटेतले धोंडे आपणहून बाजूला सरले. असं म्हणतात, प्रत्येक वळणावर वहाणेचे ते तुकडे घट्ट धरायचे, एकदाही घसरले नाहीत. फक्त शेवटच्या वळणावर तिच्या गळ्याभोवतीचे पोरीचे हात सैल पडले. दवाखान्याच्या दारात सायकल बरोबर थांबली. डॉक्टरनं पोरीचे डोळे उघडून बघितले आणि तो म्हणाला, "थोडं आधी आणायला हवं होतं, बाई."

दसऱ्याला पोरीची तिरडी निघाली. बाजेला चौघे मिळाले नव्हते, तिरडीला मात्र अख्खं गाव खांदा द्यायला धावलं! शिदू गुरवानं हळदकुंकू लावलेली हत्यारं कोंडाबाईपुढं आणून ठेवली. तिनं हात लावला नाही.

"ऱ्हाऊ द्या देवळातच," ती म्हणाली. "तुमी त्यांचा देव केलात. आता माझ्या काय कामाची?"

आणि अनवाणीच घाट उतरून गेली. परत ती कुणाला दिसली नाही.

असं म्हणतात, त्या दिवसापासून कातळवेढ्यात नट आवळला की रातोरात सैल व्हायचा. चाकं निखळायची, आरे सुटायचे, फाळ गळून पडायचे. नवस झाले, कोंबडी झाली, उपयोग शून्य. शेवटी शिदू गुरवानंच रडत रडत नवी रीत घातली.

ती आजही पाळतात. खंडेनवमीला देवळाबाहेर, पायरीच्या खाली, एक जुनी सायकल उभी असते. टायरात हवा भरलेली, चेनीला तेल दिलेलं, शेजारी एक पाना. ना फूल, ना कुंकू. जो अडेल त्यानं न्यावी, कुणाला विचारायचं नाही. आणि एखादा नवखा तिथं नमस्काराला वाकलाच, तर म्हातारी माणसं अंगावर खेकसतात, "हात कसले जोडतोस? ब्रेक दाबून बघ!"